नळी बदलली की रायफल बदलते?

१/ ‘इशापूर २ए म्हणजे जुनीच .३०३, फक्त नळी नवी’ हे विधान इतिहासप्रेमींमध्ये सर्रास फिरते. ते चुकीचे आहे आणि अन्यायकारकही.

२/ एकाच यंत्रणेवर निरनिराळ्या काडतुसांच्या नळ्या बसवायच्या तर तीन प्रश्न उभे राहतात. बोल्टचे तोंड काडतुसाच्या बुडाला जुळते का? मॅगझिनमधून ते सुरळीत चढते का? बोल्टची पकड स्फोटाचा दाब सोसेल का?

३/ येथे माउझर ९८ भाग्यवान. तिच्या ७.९२ मिमी काडतुसाचे बूड ७.६२ नाटोच्या बुडाएवढेच. बोल्टचे मुख्य खटके पुढे, नळीलगत. म्हणूनच १९५० च्या दशकात इस्रायलने नव्या नळ्या बसवून जुन्या माउझर नाटो काडतुसासाठी वापरल्या.

४/ ली-एनफिल्डचे तसे नव्हते. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, नाटो काडतुसाला नसते. खटके मागे, आणि नव्या काडतुसाचा दाब अधिक. म्हणून १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने अधिक मजबूत पोलादाच्या नव्या रायफली घडवल्या; एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिनही बदलले.

५/ या कारागिरीवर ‘नळीबदल’ असा शिक्का मारणाऱ्यांनी आधी बोल्ट उघडून पाहावा.