बैलाचा पोळा आणि माणसाचा रविवार

विश्रांती ही कमवावी लागते, असा एक सिद्धान्त आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे वेदवाक्याप्रमाणे मानला जाऊ लागला आहे. घरातील कर्ता पुरुष रात्री दहाला संगणक मिटतो आणि ‘आज काहीच झाले नाही’ म्हणून स्वतःवर चडफडतो. गृहिणी दुपारी घटकाभर आडवी झाली तर कोणाच्या पावलांच्या चाहुलीने दचकून उठते. दहावीतला मुलगा खिडकीतून पाऊस पाहत बसला, तर आई काही बोलण्यापूर्वी त्याला स्वतःलाच चोरट्यासारखे होते. या तिघांपैकी कोणालाही धनी चाबूक मारीत नाही. तो प्रत्येकाने स्वतःच हाती घेतला आहे. हा सिद्धान्त खोटा आहे, इतकेच नव्हे तर घातकी आहे, असे आमचे मत आहे.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी वऱ्हाडातील एक रिवाज पाहू. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव म्हणून गाव आहे. भोवतालचा मुलूख कपाशी, तूर आणि आता सोयाबीन पिकविणारा. कामरगावात काय आणि शेजारपाजारच्या गावांत काय, श्रावणातल्या अमावास्येला पोळा भरतो. आदल्या दिवशी खांदमळणी. कोणी तिला खांदशेकणी म्हणतात. जू घासून घट्टे पडलेला बैलाचा खांदा शेकावयाचा, त्यावर हळद आणि लोणी किंवा तूप चोळावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला रीतसर आवतण द्यावयाचे. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू नाही आणि पाठीला तुतारी नाही. (वऱ्हाडातली ही तुतारी वाजवावयाची नसून टोचावयाची असते, हे पुण्याकडच्या वाचकांना सांगितलेले बरे.)

आता यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बैलाने यंदा किती एकर नांगरले याची चौकशी त्या दिवशी कोणी करीत नाही. अमावास्या पंचांगाप्रमाणे येते. कामाच्या हिशेबाप्रमाणे येत नाही. म्हातारा बैल असो, लंगडा असो, गोठ्यात आहे एवढ्या हक्काने त्याला पुरणपोळी मिळते.

यावर कोणी म्हणेल की, शेतकरी बैलाचे कोड पुरवितो ते उद्या त्याला पुन्हा जुंपावयाचे म्हणून. असेल, व्यवहार कोणाला सुटला आहे? परंतु बैलाचा खांदा दुखतो एवढे तरी तो कबूल करतो. आमचा पदवीधर मनुष्य स्वतःच्या खांद्याविषयी तेवढेही कबूल करावयास तयार नाही.

माणसाचा पोळा म्हणजे रविवार. तो मुंबईच्या गिरणी-कामगारांना आयता मिळालेला नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची उसंत मिळावी, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे, अशा त्यात मागण्या होत्या. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आज आपण ज्या दिवशी उशिरा उठतो, त्या दिवसाचा हा इतिहास आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला याहून अधिक जागा द्यावयास हवी होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांस आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांचे वक्तव्य प्रसिद्ध झाले. आपल्या माणसांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत वाटते, असेही त्यात होते. नव्वद तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ तेरा तास. लोखंडे यांच्या अर्जातील दिवस, तोही सवलत म्हणून मागितलेला, सुमारे बारा तासांचा होता आणि आठवड्यातून सहाच वेळा उगवत होता! या वक्तव्यांवर टीका पुष्कळ झाली व ती योग्यच झाली. परंतु टीका करणाऱ्यांपैकी किती जण स्वतःचे याहून दयाळू धनी आहेत?

दुसरीकडे शांतीचे व्यापारी आहेत. त्यांचा माल असा, की पहाटे दहा मिनिटे डोळे मिटा म्हणजे दिवसभर दुप्पट काम उरकेल. ही शांती नव्हे. हे वंगण आहे. गोव्यात साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी ज्या पाली ग्रंथाच्या संशोधनात आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे वेचली, त्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. मैत्री प्रथम कोणावर करावी? प्रिय मित्रावर नव्हे, शत्रूवर तर नव्हेच, प्रथम स्वतःवर. मला जसे सुख हवे, तसेच ते इतरांसही हवे, अशी स्वतःची साक्ष काढून मग ती भावना गुरूकडे, मित्राकडे, परक्याकडे आणि अखेर वैऱ्याकडे न्यावयाची. काम अधिक व्हावे हा हेतू त्यात कोठेच नाही. आणि त्याचा व्यत्यासही आम्ही रोज पाहतो: जो स्वतःला क्षमा करीत नाही, तो हाताखालच्या कारकुनाला आणि घरातल्या पोराला तरी कोठून करणार?

स्वतःवर दया केली तर मनुष्य आळशी बनेल, ही भीतीही आम्हांस पोकळ वाटते. पुष्कळ वर्षे वर्गात उभे राहून एवढे पाहिले आहे की, नापास झाल्यावर स्वतःला शिव्या देणारा विद्यार्थी उत्तरपत्रिका लपवितो. ‘चुकले, होते असे’ म्हणणारा ती उघडून कोठे चुकले ते विचारावयास येतो.

मात्र येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या कामरगावच्या मुलखाचा दाखला दिला, तेथील शेतकऱ्यास ‘जरा सावकाश घ्या’ म्हणून सांगावयाचे काय? २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी-आत्महत्यांमुळे ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कपाशीला भाव नसताना त्या माणसाला शांतीचे पाठ देणे हा निर्लज्जपणा होय. त्याला भाव पाहिजे, वेळेवर कर्ज पाहिजे, पाणी पाहिजे. परंतु पाऊस, व्याज आणि बाजार यांचे सारे अपराध तो एकट्याच्या माथी घेतो, याकडे कोणी पाहत नाही. बैल वाटेत बसला तर तो म्हणतो, ‘थकला असेल’, आणि जू सोडतो. स्वतः खचला की म्हणतो, ‘मीच नालायक’. पहिले वाक्य स्वतःला उद्देशून उच्चारण्याची त्याला कोणी परवानगीच दिलेली नाही; आणि ती न देणाऱ्यांत बँकेपासून सोयऱ्यांपर्यंत सगळे येतात, मुलीच्या लग्नात खर्चाची बरोबरी मोजणारे आपण सुशिक्षित नातेवाईकही येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, त्यांना खाऊ मिळतो, आणि बैल कोणाचा उंच यावरून भांडणेही होतात. हीच मुले पुढे अकोल्याच्या नि अमरावतीच्या शिकवणी वर्गांत खोल्या घेऊन राहतात आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवितात. त्यात झोपेचे तास लिहिलेले असतात, पोळा नसतो. पालकांनी यंदा त्यांना त्या एका दिवसासाठी घरी बोलवावे, आणि सराव परीक्षेत गुण किती पडले हे ती परत जाईपर्यंत विचारू नये.