सातबारा गावात, खातेदार करोलबागेत

दिल्लीच्या करोलबागेत आणि चांदणी चौकालगतच्या कूचा महाजनी या सराफी पेठेत सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्यांपाशी मराठी कानी पडते. ती सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील, विटा-खानापूर-आटपाडीकडची. जुने दागिने वितळवून, तेजाबाने हीण काढून शुद्ध धातू वेगळा करण्याचा हा गलाई व्यवसाय या दुष्काळी पट्ट्याने हौसेने पत्करलेला नाही. पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेती कुटुंबाला वर्षभर पोसू शकत नव्हती, म्हणून मुलगे मामा-चुलत्यांच्या दुकानांवर गेले. करोलबागेच्या शेजारीच पुसाची भारतीय कृषि संशोधन संस्था आहे. तीही एका अर्थी स्थलांतरितच. बिहारमधील १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये ती दिल्लीस आली आणि येताना गावाचे नाव सोबत घेऊन आली.

स्थलांतर म्हणजे शेतीचा पराभव, असा सूर विस्ताराच्या बैठकांत नेहमी लागतो. तो अर्धाच खरा आहे. गलाईच्या पैशातून गावी विहिरी खोदल्या गेल्या, जलवाहिन्या टाकल्या गेल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेने कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणले, तेव्हा हाच पैसा द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत उतरला. २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम १०० अब्ज डॉलरांच्या पुढे गेली, त्याचे देशभर कौतुक झाले. करोलबागेतून आटपाडीस जाणाऱ्या पैशाची तशी गणना कोणी करीत नाही.

प्रश्न पैशाचा नाही, निर्णयाचा आहे. डाळिंबावर तेलकट डाग दिसला की पाऊस-आर्द्रता पाहून त्या-त्या दिवशीच ठरवावे लागते. बागेत उभी असते पत्नी किंवा सत्तरीचे वडील. खातेदार मात्र दिल्लीत मुशीसमोर. पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून तिकडे जाते, तिकडून विट्यातील औषध दुकानदाराला फोन होतो, आणि दुकानदार देईल ते फवारले जाते. कृषी विभागाचा सल्लासंदेश खातेदाराच्या क्रमांकावर, म्हणजे करोलबागेत, पोहोचलेला असतो. पीएम-किसानच्या ई-केवायसीचा ओटीपीही आधारशी जोडलेल्या त्याच क्रमांकावर. बहार धरण्यापासून मजुरांच्या हिशेबापर्यंत सारे पाहणारी स्त्री आपल्या नोंदवहीत ‘शेतकऱ्याची पत्नी’ एवढीच राहते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्याला तीन दशके उलटली. स्थलांतरित कुटुंबांत त्या आग्रहाची निकड आज अधिक आहे, कारण तेथे ती केवळ न्यायाची बाब नाही, पीक वाचविण्याची आहे.

वाट्याने दिलेल्या शेताची गोष्ट याहून अवघड. कुळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करीत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष कसणाऱ्याला ना पीककर्ज सहज मिळते, ना नुकसानभरपाई. दोन वर्षांनी शेत हातात राहील याची खात्री नसलेला माणूस शेणखत कशाला घालील? माती परीक्षणाची पत्रिका अशा शेतात पोहोचली तरी तिचा उपयोग होत नाही.

मार्च २०२० च्या अखेरीस आनंद विहार बसस्थानकावर लोटलेल्या गर्दीमुळे दिल्लीतील स्थलांतरित देशाला दिसला. गावात मागे राहून शेत सांभाळणारे त्याचे कुटुंब तेव्हाही दिसले नाही. विस्तार यंत्रणेला तरी ते दिसायला हवे. प्रत्येक गावच्या यादीत खातेदारासोबत प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव व क्रमांक नोंदविणे हे शासननिर्णयाची वाट न पाहता करता येण्याजोगे काम आहे. तसेच बैठकीची वेळ: सकाळी अकराला धारा, स्वयंपाक आणि शाळेचे डबे उरकून बाई बांधावर गेलेली असते. सभागृहात मग रिकामे पुरुष बसतात.

परतणाऱ्यांकडेही लक्ष हवे. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून खानापूर तालुक्यात परतलेले कामगार मुक्ती संघर्ष चळवळीत उतरले. त्या चळवळीतूनच येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभे केले. दिल्लीचा गलाईवाला दिवाळीला आणि यात्रेला हटकून गावी येतो, चार दिवस राहतो, बाग फिरून पाहतो. कृषी विज्ञान केंद्रांच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत त्या चार दिवसांना अद्याप जागा नाही.