कॉर्नब्रेड म्हणजे केक नव्हे!

अमेरिकेत आलेल्या आपल्या बहुतेक मंडळींची कॉर्नब्रेडशी ओळख होते ती एखाद्या बार्बेक्यूवाल्या हॉटेलात. पिवळाधमक चौकोनी तुकडा, वर मध घातलेलं लोणी. एक घास खाल्ला की वाटतं, अरे हा तर केक! मग फोनवर घरी बातमी जाते, "इथे जेवणात केक वाढतात." बातमी चुकीची नाही, तो केकच असतो. माझी तक्रार एवढीच की त्याला कॉर्नब्रेड म्हणू नये.

मी सध्या अटलांटात आहे. आमच्या टीममधले एक साठीचे टेस्टर मूळचे अलाबामाचे. त्यांच्यापुढे कोणी कॉर्नब्रेडमध्ये साखर घालायचं नाव काढलं की ते असा चेहरा करतात, जणू कोणी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकलाय. त्यांचा कॉर्नब्रेड म्हणजे मक्याचं जाडसर पीठ, बटरमिल्क, अंडं, मीठ, सोडा आणि चरबी. मैदा नाही, साखर नाही. बिडाच्या तव्यात भाजलेला, खालून तपकिरी कुरकुरीत, आतून ओलसर. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला केक अजिबात आठवला नाही, मक्याची भाकरी आठवली.

मग साखर आली कुठून? मला पटलेलं कारण गिरणीत आहे. पूर्वी मका पाण्यावर चालणाऱ्या दगडी जात्यावर दळत, अंकुरासकट. अंकुरात तेल असतं, चवही तिथेच. पण तेलामुळे पीठ खवट होतं, लांबच्या दुकानात टिकत नाही. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि अंकुर काढून टाकलेलं, महिनोन्‌महिने टिकणारं, पण चवीला कोरडं ठक्क पीठ बाजारात आलं. गेलेली गोडी भरून काढायला साखर, आणि भुसभुशीत होतं म्हणून मैदा. थोडक्यात, साखर हा पॅच आहे. मूळ बग पिठात आहे, तिथे कोणी हात लावत नाही. :-)

इथे एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हेच मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्या तावातावाने मांडत होतो, तेव्हा जॉर्जियाच्याच एक कृष्णवर्णीय सहकारी शांतपणे म्हणाल्या, "माझी आजी साखर घालायची. ती दक्षिणेतली नव्हती का?" यावर काय बोलणार? दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय घरांत कॉर्नब्रेड थोडा गोडच असतो. आणि मुळात हा पदार्थ कोणाचा? मका इथल्या मूळ रहिवाशांचा. गुलामांना शिधा म्हणून मक्याचं पीठ मोजून मिळे. फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात महिन्याला एक बुशेल असा हिशेब दिलाय. मालकांच्या घरी चुलीपुढे राबणारे हातही बहुधा त्यांचेच. तेव्हा 'अस्सल कोणता' हा निकाल मी देणार नाही. आमटीत गूळ घालावा की नाही यावर पुण्याचा आणि कोल्हापूरचा माणूस एकमत होईल तेव्हा बघू. माझ्या तव्यात साखर नसते, कारण मला मका लागायला हवा. बस.

आता कृती. अमेरिकन कपाने (२४० मिली) दोन कप पीठ, एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी आणि दोन कप बटरमिल्क. भारतात करणार असाल तर दोन सूचना. एक, कॉर्नफ्लोअर आणू नका. ते नुसतं स्टार्च, त्याची खळ होते. मक्याचं पीठ आणि मक्याचा रवा निम्मा-निम्मा घ्या. दोन, बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे. आंबट दही थोडं पाणी घालून घुसळा.

खरी गंमत तव्यात आहे. दहा इंची बिडाचा तवा, खोलगट, तीन चमचे साजूक तूप घालून ओव्हनमध्येच ४५० फॅरनहाइटला (म्हणजे साधारण २३० सेल्सियस) तापवायचा. इथले लोक बेकनची चरबी घालतात. लोणी एवढ्या आचेला करपतं, तूप तग धरतं. तवा चांगला तापल्यावरच ओलं-कोरडं एकत्र करायचं, कारण सोडा आणि ताकाची गाठ पडली की गॅस लगेच सुटायला लागतो, आणि मक्यात ग्लुटेन नसल्याने तो धरून ठेवायला फक्त अंडं आणि शिजलेला स्टार्च. ओतताना चर्रर्र आवाज आलाच पाहिजे. तोच तळाचा कुरकुरीत थर. वीस-पंचवीस मिनिटं, की झालं. नॉनस्टिक वापरू नका. पातळ भांडं उष्णता धरत नाही, आणि नॉनस्टिक रिकामं एवढं तापवणं वाईटच.

तवा घ्यायचाच असेल तर टेनेसीतलं साऊथ पिट्सबर्ग गाव लक्षात ठेवा. लॉज घराण्याचा बिडाच्या भांड्यांचा कारखाना १८९६ पासून तिथे आहे, आणि १९९७ पासून त्या गावात चक्क राष्ट्रीय कॉर्नब्रेड महोत्सव भरतो. आपल्याकडे भाकरी महोत्सव का नाही, हा वेगळ्या पोस्टचा विषय. असो.

"एवढा उपद्व्याप कोण करणार, डब्यातलं तयार मिश्रण मिळतं की," असं माझा रूममेट म्हणतो. डब्यावरचे घटक वाचा हो. अनेकदा पहिलं नाव गव्हाच्या मैद्याचं, मका त्यानंतर, आणि साखर पाठोपाठ. वेळही फार वाचत नाही. तवा तापेपर्यंत सगळं मोजून होतं.

सोबत शिजवलेला पिंटो राजमा, पालेभाजी आणि चिरलेला कच्चा कांदा. पालेभाजीचं उरलेलं पाणी इथे टाकत नाहीत, त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात. आणि उरलाच तर रात्री उंच ग्लासात कुस्करायचा, वर थंडगार बटरमिल्क ओतायचं आणि चमच्याने खायचं. अलाबामाचे आमचे टेस्टर हे मला समजावून सांगायला लागले, तर मी म्हटलं, काका, हे आम्हाला नका शिकवू. मीठ आणि हिरवी मिरची तेवढी तुम्ही विसरताय.