चूक म्हणायची की मागणी?
सॉफ्टवेअर बनवणारे आणि वापरणारे यांच्यातलं भांडण जुनंच आहे: हा बिघाड म्हणायचा की नवी मागणी? ठरलं होतं तसं चालत नसेल तर बग, ठरलंच नव्हतं ते हवं असेल तर फीचर, अशी सरळ वाटणी सगळे सांगतात. एक्सेलपुढे ती लंगडी पडते. चौकटीत ‘मार्च१’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, १ मार्च ही तारीख हजर! हिशेब ठेवणाऱ्याला ही सोयच. पण मार्च१, सेप्ट२ ही माणसाच्या जनुकांचीही नावं होती. संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या जागी तारखा येऊन बसल्या आणि छापून आलेल्या शोधनिबंधांच्या पुरवण्यांतही तशाच राहिल्या. प्रोग्राम मात्र ठरल्याबरहुकूम चालत होता, म्हणजे व्याख्येनुसार बग नाहीच. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले. २०२० च्या नियमावलीत मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. (विज्ञानाने तक्त्यापुढे मान तुकवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.) हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ साली, तीही ‘नवं फीचर’ म्हणून! मला हे पटत नाही. वापरणाऱ्याने लिहिलेलं न विचारता बदललं तर तो बगच, आराखड्यात काहीही लिहिलेलं असो. जास्तीचं बटण, वेगळा रंग या मागण्या खुशाल रांगेत थांबू द्या. आणि तक्रार करणाऱ्यांनो, नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. काय टाइप केलं आणि समोर काय आलं, तेवढं तरी कळवा.