गोठ्याचा नियम शाळेलाही लावा



या सदरात एरवी आपण पीकपाण्याचे बोलतो. आज शाळेचे बोलू. पोर अंथरुणाला खिळले की घरातली खुरपणी आधी थांबते, तेव्हा हा विषयही शेतीचाच आहे.

2022 साली लम्पीची साथ आली तेव्हाचे आठवा. जनावरांचे बाजार बंद झाले, गोठ्यागोठ्यांत लस टोचली गेली. पण अंगावर गाठी दिसताच तुम्ही ते जनावर दावणीतून सोडून लांब बांधलेत, त्याचे पाणी आणि वैरण वेगळी केलीत. मग सकाळी पोराचे अंग तापलेले असताना एक गोळी देऊन आपण त्याला शाळेत का धाडतो?

कारण मला ठाऊक आहे. घरी थांबले तर रोज बुडतो, पोराकडे बघायला कोणी नसते आणि शाळेत निदान दुपारची खिचडी मिळते. या अडचणी खऱ्या आहेत. पण आणखी एक कारण आहे, ते लोक बोलत नाहीत. त्याची गोष्ट सांगतो.

कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. मधे थोडे दिवस वरचे वर्ग भरले आणि पुन्हा बंद पडले. मग 15 जुलै 2021 पासून सरकारने वाट काढली. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग भरवायचे. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती, पालकांची संमती, एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट अंतर. शाळेची किल्ली जणू गावाच्याच हाती आली.

त्याच महिन्यात फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी मी मक्यावरची लष्करी अळी पाहायला गेलो होतो. शेतकरी बांधावर घोंगडी पांघरून बसला होता. खोकला थांबत नव्हता. विचारले तर म्हणाला, "साहेब, कुठं बोलू नका. बोभाटा झाला की शाळा बंद पडंल. पोरगी दहावीला हाय."

मी गप्प बसलो. आपले खाते शेतीचे, आरोग्याचे नाही, अशी मनाची समजूत घातली आणि मोटारसायकलला किक मारली. पोंग्यात अळी दिसली की मी शेजारच्या चार शेतांत जाऊन सांगतो. त्या दिवशी ताप दिसला आणि तोंड मिटले. आठ दिवसांत त्याची मुलगी तापली, पाठोपाठ तिच्या वर्गातल्या आणखी दोघी. शाळा बंद झाली. सुदैवाने सगळे बरे झाले. पण त्या घरच्या रानात पुढे कितीतरी दिवस मजूर पाऊल टाकीना. याने लपवले, असे लोक म्हणत. लपवले हे खरेच. पण आधी सांगितले असते तरी वाट्याला हेच आले असते, हे तो जाणून होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, शाळा सांभाळायची असेल तर आजार आधी सांगणाऱ्याला गावाने सांभाळले पाहिजे. बाकीचे उपाय त्यानंतर.

पहिला उपाय घराच्या उंबऱ्यावरचा. ताप असेल तर पोर घरी ठेवा. गोळी न देता चोवीस तास ताप आला नाही, तरच शाळेत धाडा. गोवर निघाला तर पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस, गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस, कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ राज्यभर फिरली. डोळे आले तर लाली आणि चिकटा जाईपर्यंत थांबा, टॉवेल वेगळा ठेवा.

दुसरा उपाय लसीचा. गोवर हवेतून पसरतो आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच पोर तो दुसऱ्याला देत असते. जवळ बसणाऱ्या, लस न घेतलेल्या दहा मुलांत नऊ जणांना तो गाठू शकतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, मालेगावला आणि भिवंडीला त्याची साथ पसरली होती. नवव्या महिन्यात एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशी ही लस उपकेंद्रात फुकट मिळते. कन्नड-पैठणकडून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांचे डोस चुकतात. लसीचे कार्ड सोबत न्या, परत आल्यावर आशाताईंना दाखवा. गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा पाला लावण्याची रीत आहे. खुशाल लावा, पण त्याच दिवशी आशाताईंना निरोप द्या. अशा मुलाला जीवनसत्त्व अ चे डोस द्यावे लागतात, त्याने डोळ्यांचे रक्षण होते.

तिसरा उपाय पाण्याचा. शाळेची टाकी धुतली जाते का, पाण्यात टीसीएल पावडर पडते का, खिचडीआधी हात धुवायला साबण आहे का, हे पाहायला गुरुजींना एकटे सोडू नका.

आणि चौथा उपाय सावडीचा. आपण पेरणीला, काढणीला सावड करतो. ज्या घरात पोर आजारी आहे, त्या घरची खुरपणी सावडीने उरका, म्हणजे आई पोराजवळ थांबू शकेल. घरात डबा नसेल तर दारात नेऊन ठेवा. गुरुजींनी आजारपणातल्या गैरहजेरीसाठी रागावू नये, बुडालेला अभ्यास घरी पोहोचवावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हे सारे ठरवून घ्या. साथ आल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही.

मी मात्र आता बांधावर कुणी खोकताना दिसला, तर अळीआधी त्याची चौकशी करतो. तुम्हीही करा.