ॲव्हरेज किती देते?

दसरा जवळ आला की पावसाळाभर जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकली दुकानात येऊ लागतात. अलीकडे त्यांत ई-सायकली बऱ्याच असतात आणि तक्रार बहुधा एकच असते: "बॅटरी गेली वाटतं, ॲव्हरेज देत नाही." पुष्कळदा बॅटरी धडधाकट असते. घोळ विक्रीच्या दिवशी काउंटरवर झालेला असतो.

गिऱ्हाईक स्कूटरचा प्रश्न विचारतं आणि आपण स्कूटरचंच उत्तर देऊन मोकळे होतो. खोक्यावर छापलेले किलोमीटर आपल्या तोंडून वचन होऊन बाहेर पडतात. खरं उत्तर द्यायला एक गुणाकार पुरतो. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॉट-अवर. सपाट रस्त्यावर मनापासून पेडल मारणाऱ्याला किलोमीटरमागे साधारण ७-८ वॉट-अवर लागतात, नुसत्या थ्रॉटलवर बसून जाणाऱ्याला जवळजवळ दुप्पट. म्हणजे तीच सायकल एकाला ३५ किलोमीटर नेते आणि दुसऱ्याला १७-१८. टायरमध्ये हवा कमी, समोरून वारा, कॅरिअरवर पोरगं, की आकडा आणखी उतरला. गिऱ्हाइकाला हे दोन्ही आकडे सांगा. विक्री बुडत नाही. उलट तीन महिन्यांनी होणारा वाद टळतो.

चढाचं गणित तर सांगितलंच पाहिजे. कायद्यात बसणाऱ्या सायकलीची मोटर २५० वॉटच्या आतली. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो, शंभर मीटरला पाच मीटर चढ आणि ताशी १५ किलोमीटर वेग धरला, तर चाकाशी सुमारे २६० वॉट लागतात. मोटर एकटी पुरी पडत नाही, उरलेलं पायांनी घालायचं असतं. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या हबमध्ये असते, म्हणजे तिचा वेग चाकाच्या वेगाशी बांधलेला. स्वाराने गिअर कितीही हलका केला तरी त्याचा फायदा त्याच्या पायांना, मोटरला नाही. चाक मंदावलं की मोटर जास्त करंट ओढते आणि त्यातला मोठा भाग वाइंडिंग तापवण्यात जातो. हब उघडल्यावर आतल्या नायलॉन गिअरचे दात मऊ पडलेले, उडालेले दिसतात, ते पुष्कळदा यामुळेच. म्हणून स्वाराला सांगायचं: चढ सुरू होण्याआधी हलका गिअर टाका, पाय थांबवू नका आणि वेग चालण्याइतका पडला तर थ्रॉटल सोडून खाली उतरा.

मोटर क्रँकपाशी असेल तर तिला गिअरचा फायदा मिळतो, पण तिचा जोर चेनवरून जातो. अशा सायकलीची चेन दर सर्व्हिसला गेज लावून मोजली नाही तर कॅसेटही जाते.

हबमधली मोटर काही नवी नाही. ऑग्डेन बोल्टन याने मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट अमेरिकेत १८९५ सालीच घेतलं होतं. पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देणारी सायकल यामाहाने जपानच्या बाजारात आणली ती १९९३ मध्ये. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत तो टॉर्क सेन्सर नसतो. क्रँकजवळची चुंबकांची चकती पेडल फिरतंय की नाही एवढंच कळवते. "पाय हलवला की सायकल उडी मारते" या तक्रारीवर म्हणूनच कंट्रोलर बदलायला धावू नका.

आणि बॅटरीचा निकाल सर्वांत शेवटी लावा. आधी चाक हाताने फिरवून बघा: ब्रेक घासतोय का, रिमला आउट आहे का. मग ब्रेक लिव्हरमधला कट-ऑफ स्विच. पावसानंतर तो अडकला की कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो आणि मोटर गप्प बसते. बहुतेक मॉडेलांत लिव्हरची वायर सोडवून पाहिली की उलगडा होतो. मग कनेक्टरच्या हिरवट पिना. एवढं सगळं ठीक असेल तर बॅटरी मोजा, पण लोडवर. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट दाखवते. तीच बॅटरी भरल्या चार्जला, चढ सुरू होताच ३२-३३ वर कोसळत असेल तर सेल थकले.

जूनमध्ये रिकामी करून ठेवलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, थोडी थोडी वीज खातच असतो. दसऱ्यापर्यंत सेल इतके खाली जातात की चार्जर लागूच होत नाही. बीएमएसला वळसा घालून थेट सेलना चार्ज देण्याची युक्ती मोबाइलवरच्या व्हिडिओंत दाखवतात. ती करू नका. तळ गाठलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आत शॉर्ट होऊ शकतो, आणि मग आग लागते ती रात्री, गिऱ्हाइकाच्या घरात. अशा आगींनंतर न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्या विकायलाच बंदी घातली. पावसाळ्यात सायकल ठेवून देणाऱ्याने बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने तपासावी. दसऱ्याच्या पूजेआधी प्रेशर पंपाने धुण्याचा उत्साहही आवरायला सांगा. एक्सलमधून वायर जिथे हबमध्ये शिरते, तिथून पाणी आत जातं. ओलं फडकं पुरे.

राहिला तो दिवाळीच्या तोंडावर हमखास येणारा आग्रह: "जरा स्पीड वाढवून द्या." केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ३० मिनिटांची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला पोचताच किंवा पेडल थांबताच मोटरची मदत तोडणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही ते याच अटींवर. कंट्रोलर बदलून किंवा ४८ व्होल्टची बॅटरी बसवून ही मर्यादा ओलांडली की आपण गिऱ्हाइकाच्या हाती विनानोंदणीचं मोटार वाहन देतो, तेही सायकलच्या ब्रेकवर आणि सायकलच्या फोर्कवर. शेजारचा दुकानदार करून देत असेल. तुम्ही ते काम घेऊ नका, आणि का घेत नाही तेही गिऱ्हाइकाला सांगा.