चार वाजताचे आभाळ

दिवाळी अंकात उन्हाळ्यातल्या पावसाची गोष्ट सांगायला बसलो, म्हणून वाचकांनी माझ्या पंचांगाविषयी शंका घेऊ नये. दोष आमच्या नातवाचा आहे. गेल्या दिवाळीत मैदानापलीकडे कुणी आकाशात फुटणारे बाण उडवीत होते. नातू म्हणाला, "आजोबा, उजेड आधी आणि आवाज मागून का?" उत्तर द्यायचे सोडून मी आपला पुटपुटू लागलो, एक, दोन, तीन... आणि पुण्याच्या गच्चीवरून जो निघालो तो थेट कोपरगावला, मामांच्या ओसरीवर!

कोपरगाव माझे आजोळ. परीक्षा संपली की दौंड-मनमाड मार्गावरची गाडी धरायची, हा आमचा दर एप्रिलचा नेम. गाव गोदावरीच्या काठी, पण उन्हाळ्यात नदीत पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसे. मुंबईच्या पावसाचा चौथा हिस्साही या भागाच्या वाट्याला येत नाही. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघालेले डावे-उजवे कालवे नसते, तर इथल्या उसाला कुणी ओळखले नसते.

सकाळी अंगणात झोपलेल्याला पहाटेची चादर हवीशी वाटे, आणि दुपारी त्याच अंगणात अनवाणी पाऊल टाकण्याची सोय नसे. तीनच्या सुमारास वारा पडायचा. झाडाचे पान हलत नसे. मामी पदराने वारा घेत म्हणायच्या, "आज काहीतरी होणार बाई." चार वाजता आभाळाच्या कडेला काळा ढग फुलकोबीसारखा वर चढू लागे. मग एकाएकी धुळीची भिंतच अंगावर यायची, दारे आपटायची आणि त्या धुळीमागून असा गार वारा यायचा, की घामेजलेल्या पाठीवर शहारे उठावेत. मामांच्या ओसरीवर कसल्याशा औषध कंपनीने दिलेला तापमापक टांगलेला होता. त्यातला पारा अर्ध्या तासात दहा-बारा अंश खाली आलेला मी स्वतः पाहिला आहे.

हा गार वारा येतो कुठून, हे फार पुढे कळले. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. समुद्राकडून आलेली दमट हवा तिला मिळाली, की काही तासांत पाच-सात मैल उंचीचा ढग उभा राहतो. त्यातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतात, आणि माठाचे पाणी जसे पाझरून गार होते तशी ती हवा गार होते. गार हवा जड. ती खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणजे पावसाआधी येणारे ते वादळ हा ढगाने टाकलेला सुस्काराच म्हणायचा.

वीज चमकली की मामा मोठ्याने आकडे मोजायचे. पाच मोजून झाल्यावर गडगडले, तर वीज मैलभर लांब. दोनवरच गडगडले, की शेतातल्या गड्यांना हाका जायच्या. निंबाखाली उभे राहायचे नाही, असा मामांचा सक्त हुकूम होता. आम्हां पोरांना मात्र ते मोजणे म्हणजे खेळ वाटे.

सुमारे साठ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. एप्रिलचे अखेरचे दिवस. मामांचा उन्हाळ कांदा काढून झाला होता आणि पातीखाली झाकून शेतातच सुकत होता. त्या दिवशी मामांचे आकडे तीनच्या पुढे गेलेच नाहीत. आणि मग पत्र्यावर ताशा वाजावा तशा गारा! मी पितळी वाटी घेऊन अंगणात नाचत होतो. लिंबाएवढी एक गार सापडली, ती विळीवर चिरली, तर आत एकावर एक पापुद्रे. ढगातल्या वर चढणाऱ्या वाऱ्याने गार अधांतरी धरून ठेवलेली असते, आणि त्या मुक्कामात तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? मी धावत ओसरीवर गेलो नि ओरडलो, "मामा, बघा! अगदी कांद्यासारखी आहे!"

मामांनी गार हातात घेतली. "हो रे," म्हणाले, आणि ती विरघळेपर्यंत हातातच धरून बसले.

त्या जूनमध्येही माझ्या पुस्तकांचे पैसे नेहमीप्रमाणे मामांकडूनच आले. मामींच्या हातांत पाटल्या नव्हत्या, हे आईने पाहिले होते. मला तिने ते सांगितले पुष्कळ वर्षांनी, २०१४ साली. त्या वर्षी फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली, गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे झोपली. वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहता पाहता आई एकदम पाटल्यांविषयी बोलू लागली.

आपण शहरातली माणसे पहिल्या वळवाला खिडकीत उभे राहून छाती भरून वास घेतो, भज्यांची फर्माईश करतो. त्यात वावगे काही नाही. त्या वासाचे कनोजला अत्तर करतात, आणि १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी त्याला शास्त्रीय नावही दिले. मीदेखील भजी खातो. फक्त कांदा चिरताना ती गार आठवते.

यंदा मे महिन्यात कोपरगावला गेलो होतो. मामा-मामी आता नाहीत, मळा मामेभाऊ पाहतो. दुपारी त्याच्या मुलाच्या फोनवर 'दामिनी' वाजली. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने काढलेली ही सोय आसपास पडणाऱ्या विजांची वर्दी देते. पोरगा ओरडला, "काका, बायांना शेतातून बोलवा आधी!" बाया घरात आल्या. भाऊ आणि मी ताडपत्री ओढीत होतो. कांद्याचे तीन ढीग होते, दोन झाकले. तिसऱ्याकडे वळलो आणि वीज चमकली. दोघांच्याही तोंडून एकदमच आकडे निघाले. चारवर गडगडले.

"दादा, राहू द्या," भाऊ म्हणाला, आणि आम्ही घराकडे पळालो.

रात्री पांघरूण घ्यावे लागले. सकाळी पुन्हा कडक ऊन. भिजलेल्या ढिगापाशी बसून आम्ही कांदे निवडत होतो, सुकतील ते इकडे, सडतील ते तिकडे. तिकडचा ढीग काही लहान नव्हता. चार वाजायला आले तसा भाऊ उठला आणि त्याने ताडपत्रीच्या दोऱ्या आधीच मोकळ्या करून ठेवल्या.